बाईंची पट्टी

सतरा वर्षं लबीब हन्नाने एकाच बाईची पाठ पाहिली, आणि ती बाई त्याची बायको नव्हती. त्याच्या बायकोने, ईवॉनने, एकदा त्याला विचारलं होतं, की माझ्या पाठीवर तीळ आहे तो डावीकडे की उजवीकडे? लबीबला सांगता आलं नाही. पण विदाद शुक्री यांचा डावा खांदा उजव्यापेक्षा किती उतरता आहे, श्वास घेण्याआधी मानेवरची कुठली शीर हलते, ओळ पुन्हा घ्यायची असली की उजवी टाच कशी उचलली जाते, हे त्याला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्याने घडाघडा सांगितलं असतं. तो त्याचा धंदाच होता. बाई पुढे उभ्या राहून गायच्या आणि मागे अर्धवर्तुळात काळे कोट घालून तीस वादक बसायचे. त्यात ऑर्गनवर लबीब.

आमच्या कैरोत तेव्हा नुसतं 'बाई' म्हटलं की विदाद शुक्रीच, दुसरी कुणी नाही. त्यांचं एक गाणं पाऊण तास चालायचं. लोक 'पुन्हा, पुन्हा' करायचे आणि बाईंची लहर लागली तर एकच ओळ दहा-अकरा वेळा यायची. कुठली ओळ, किती वेळा, कुठून उचलणार, यातलं काही आधी ठरलेलं नसायचं. ते पाठीवरून वाचायचं. आणि सगळ्यांवर एकच कायदा होता: बाई चुकत नाहीत. बाईंनी दुसरं कडवं सोडून तिसरं धरलं तर तिसरंच बरोबर. बाई पट्टी सोडून खाली घसरल्या तर तीसच्या तीस जणांनी पुढची मात्रा पडायच्या आत खाली यायचं. समोरच्या दोन हजार माणसांना पत्ता लागता कामा नये.

या कामात लबीबचा हात धरणारा कुणी नव्हता. व्हायोलिनवाले नोटेशनकडे बघतच नसत, लबीबच्या बोटांकडे बघत. मुहम्मद अली रस्त्यावर वादकांचा कॉफीखाना आहे, तिथे त्याला 'गादी' म्हणायचे, कारण बाई कुठेही पडल्या तरी लबीबवरच पडायच्या आणि त्यांना लागायचं नाही. लबीबला हे नाव आवडायचं. माणसाला काय काय आवडतं त्याला काही धरबंध नाही.

शहात्तर साली एका साप्ताहिकात बाईंची मुलाखत आली. विचारणाऱ्याने म्हटलं होतं, हल्लीच्या गाण्यांत तो ऑर्गन फार गोड वाजतो, कुणाचा आहे? बाई म्हणाल्या, "जपानी आहे."

महिनाभर कॉफीखान्यात लबीब शिरला की कुणीतरी कमरेत वाकून जपानी नमस्कार करायचं. लबीबने आधी मनाची समजूत घातली, की बाईंनी चेष्टा केली असेल, पुढच्या तालमीला दोन शब्द बोलतील. बाई बोलल्या नाहीत. त्यांनी चेष्टाही केलेली नव्हती. ज्या गोष्टीबद्दल विचारलं तिच्याबद्दल त्यांनी खरं उत्तर दिलं होतं, आणि हेच लबीबच्या जिव्हारी लागलं. सतरा वर्षांत त्या बाईने मागे वळून एकदाही पाहिलं नव्हतं, मग वाजवणारा जपानी की मिसरी हे तिला कळणार कुठून?

तो बाईंच्या ताफ्यातून बाहेर पडला तेव्हा तिघं त्याच्याबरोबर निघाली. हमदी गिटारवाला, ज्याला पाऊण तासाच्या गाण्यात एकूण आठ मात्रा वाजवायला मिळायच्या. उरलेला वेळ तो गिटार मांडीवर घेऊन झोप आवरायचा. झकी दरबुक्यावर, म्हणजे हाताने वाजवायच्या ढोलकावर, होता. त्याने हौसेने ड्रमसेट घेऊन ठेवला होता आणि बायको त्याच्यावर कपडे वाळत घालायची. आणि मागदा तौफीक. मागदा कोरसमध्ये होती, अकरा वर्षं, डावीकडून पहिली. बाई श्वासाला थांबल्या की ओळीची शेपटी कोरसने उचलायची, म्हणजे मधलं भोक दिसत नाही. चौतिशीची मागदा भोकं बुजवण्यात तिशी ओलांडून गेली होती.

चौघांनी शुब्रा वस्तीत झकीच्या गच्चीवर कबुतरांच्या खुराड्याशेजारी तालमी सुरू केल्या. लबीबने गाणी बांधली होती, आणि एकही गाणं चार मिनिटांच्या वर जाऊ द्यायचं नाही असा त्याने हट्टच धरला होता. सूड म्हणा ना. म्हणून मंडळाचं नावही 'चार मिनिटं' ठेवलं. पहिलं गाणं होतं 'दार उघडं आहे, येऊ नकोस'. त्यात दुसऱ्या कडव्यात ओळ होती, 'तुझा चहा थंड झाला, मी पिऊन टाकला'. हमदी म्हणाला, चहावर कुणी गाणं करतं का? लबीब म्हणाला, घरोघर चंद्र पितात का मग?

अडचण झाली ती मागदाची. आवाज तिचा वरचा, काळी पाचचा, धुतलेल्या काचेसारखा स्वच्छ. पण तिला सुरुवात करता येईना. लबीब सुरुवातीचे सूर वाजवायचा, जागा यायची, मागदा तोंड उघडून उभी, आणि आवाज निघायचा तो ओळीच्या शेवटच्या तीन शब्दांवर. अकरा वर्षं ती तिथेच निघत आली होती.

झकी म्हणायचा, "अगं मागदा, बाई इथे नाहीत. त्या जमालेकला राहतात, नदीपलीकडे."

"मला माहीत आहे हो," ती म्हणायची, "तोंडाला माहीत नाही."

सगळे हसायचे, तीही हसायची, पण जिना उतरताना तिचे डोळे भरलेले असायचे. तिच्या मानेवर तलवार होती. ती भावाच्या घरात राहायची, आणि भावाने कोरसला परवानगी दिली होती ती बारा बायका लांब बाह्यांचे कपडे घालून मागे उभ्या असतात म्हणून. एकटीने पुढे उभं राहून लग्नांतून गायचं हे त्याला पसंत नव्हतं. मागदाने त्याच्याकडून एक वर्ष मागून घेतलं होतं. वर्षात नाव झालं तर झालं, नाहीतर गाणं बंद, आणि तो दाखवेल त्या बिजवराशी लग्न. बाईंकडे परतायची सोय नव्हती. बाईंना सोडून गेलेल्यांना परत घेत नाहीत हे सगळ्यांना ठाऊक होतं.

दोन आठवडे असे गेल्यावर लबीबने आपला ऑर्गन उचलून मागे नेला आणि मागदाला ओढून गच्चीच्या मधोमध उभं केलं. म्हणाला, "हे बघ. आता मी सूर देणार नाही. तू सुरू कर, आम्ही तुझ्या मागून येतो. तू ओळ चुकलीस तर आम्हीही तीच चुकू. तू पट्टी सोडलीस तर आम्हीही सोडू. जसे बाईंच्या मागे होतो तसे तुझ्या मागे."

मागदा म्हणाली, "मला एकटीला सोडणार नाही ना?"

"मार गिरगिसची शपथ," लबीब म्हणाला. शुब्र्यातला माणूस या संताची शपथ उगाच घेत नाही.

मागदा खूप वेळ उभी राहिली. कबुतरांची फडफड थांबली, शेजारच्या गच्चीवरची बाई पिळलेला कपडा हातात धरून बघत राहिली, आणि मग मागदाने गाणं उचललं. कुणाच्याही आधी, एकटीने. झकी नंतर शपथेवर सांगायचा की आपल्याला तेव्हा ड्रमची काठी हलवायची आठवण राहिली नव्हती.

त्या हिवाळ्यात 'चार मिनिटं'ने शुब्र्यात, अब्बासियात, दोनदा थेट तंटा शहरात जाऊन लग्नं वाजवली. पोरी गॅलरीत कपडे वाळत घालताना 'मी पिऊन टाकला' गुणगुणू लागल्या. नवरे घरी उशिरा आले की बायका तीच ओळ तोंडावर फेकू लागल्या. गाणं गल्लीत उतरलं की त्याला पाय फुटतात. ते चालत चालत शौकत बे या कॅसेटवाल्याच्या कानावर गेलं. शौकत बे म्हणाला, शम्म अन्नसीमला, वसंताच्या सणाला, नदीकाठच्या क्लबात जलसा आहे, रेडिओवाले रेकॉर्डिंग करणार आहेत. तिथे गा. तेच रेकॉर्डिंग मी टाळ्यांसकट कॅसेटवर काढतो. वर 'मागदा तौफीक आणि चार मिनिटं' असं छापू.

मागदाने ते नाव त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं. भावाने दिलेलं वर्ष मे महिन्यात संपत होतं आणि सण एप्रिलात होता.

सणाच्या दिवशी सकाळपासून क्लबाच्या हिरवळीवर कुटुंबंच्या कुटुंबं पसरली होती. रंगवलेली अंडी, कांद्याची पात, आणि खारवलेल्या फसीख माशाचा तो वास, जो खाणाऱ्याला स्वर्गात नेतो आणि शेजाऱ्याला दवाखान्यात. दुपारी तीनला 'चार मिनिटं'चा नंबर होता. पावणेतीनला क्लबाच्या फाटकाशी गडबड उडाली. सन्माननीय पाहुण्या आल्या होत्या. पुढच्या ओळीत मधोमध एक आरामखुर्ची आणून ठेवली, आणि तिच्यात काळा चष्मा लावून बाई बसल्या.

हमदीच्या हातातून तार सुटली. झकी म्हणाला, मला लघवीला जाऊन येऊ दे. मागदाने फक्त लबीबकडे पाहिलं. लबीबने मान हलवली, म्हणजे आहे मी.

त्याने पहिल्यांदाच बाईंना समोरून पाहिलं होतं वाजवताना. तोंडाकडे बघून त्याला काही म्हणजे काही वाचता येईना.

मागदाने सुरू केलं. सूर न मागता, कुणाची वाट न बघता, काळी पाचमध्ये. पहिलं कडवं असं गेलं की खाणाऱ्यांचे हात थांबले. 'येऊ नकोस'वर बायकांनी जिभेने लल्लल्ल करून आरोळी दिली. शौकत बे कडेला उभा होता, त्याने रेडिओच्या माणसाच्या खांद्यावर हात टाकला. लबीबच्या मनात आलं, की झालं, ही बाई आता कुणाची शेपटी उचलणार नाही.

दुसऱ्या कडव्याआधी ऑर्गनचे चार सूर होते. ते वाजत असतानाच बाई खुर्चीतून उठल्या. हसत होत्या. त्यांनी एक हात वर केला, निवेदक मायक्रोफोन घेऊन धावला, आणि जलशाला आलेल्या सगळ्या माणसांनी एकदम जो आवाज केला त्यात नदीवरच्या बोटीसुद्धा थांबल्या असतील. शब्द गल्लीगल्लीतून बाईंच्या कानावर होते, चाल आत्ताच एका कडव्यापुरती ऐकली होती. त्यांना तेवढं पुरत असे. त्यांनी 'तुझा चहा थंड झाला' उचललं. त्याच क्षणी मागदानेही उचललं, तिचीच ओळ होती ती.

पण बाईंनी उचललं ते बरंच खाली, पांढरी चारमध्ये. गेली काही वर्षं त्यांचा आवाज तिथेच बसत होता.

दोन बायका, एक ओळ, दोन पट्ट्या. वाजवणारे जिच्याकडे राहतील ती सुरात आणि दुसरी बेसूर, याच्यात तिसरी गोष्ट नसते. लबीबला विचार करायला वेळ होता असं नाही, आणि नव्हता असंही नाही. एक मात्रा होती. त्या मात्रेत त्याचे हात काळी पाच सोडून पांढरी चारवर गेले. हमदीने त्याची बोटं पाहिली आणि तो गेला. झकीला काय, दरबुक्यावाल्याला पट्टी नसते, पण त्यानेही लय खाली घेतली, बाईंना आवडते तशी.

मागदा अर्धी ओळ एकटीच काळी पाचमध्ये राहिली. ती बरोबर होती. तिच्या पायाखालून मात्र जमीन काढून घेतली होती, आणि भोंग्यांतून सगळ्या बागेला ऐकू गेलं ते असं, की एक बाई सुरात गाते आहे आणि एक पोरगी किंचाळते आहे. लोक हसले. कुणीतरी ओरडलं, "ए मुली, बाईंचं ऐक जरा." मागदाने वळून लबीबकडे पाहिलं. लबीब खाली पाहत होता. मग मागदाने तोंड मिटलं, एक पाऊल मागे आणि दोन पावलं डावीकडे सरकली, आणि बाई श्वासाला थांबल्या तेव्हा तिने ओळीची शेपटी उचलली. पांढरी चारमध्ये.

बाईंनी मंचावर चढून ते गाणं सव्वीस मिनिटं चालवलं. 'मी पिऊन टाकला' ही ओळ अकरा वेळा घेतली, दर वेळी नव्या दुःखाने, आणि शेवटच्या वेळी पुरुष रडत होते. टाळ्या पडत असताना बाई मागे वळल्या. सतरा वर्षांत प्रथमच. लबीबकडे पाहून म्हणाल्या, "शाबास, लबीब."

आणि लबीबला आनंद झाला. हे त्याने कधी कुणाला सांगितलं नाही, ईवॉनलाही नाही. मागदा दोन हातांच्या अंतरावर उभी होती, तिचं आयुष्य त्याने अर्ध्या ओळीत उलथं केलं होतं, आणि त्याच्या छातीत आनंद मावत नव्हता, कारण बाईंना त्याचं नाव माहीत होतं. माणूस इतका हलका असू शकतो.

पुढचं सगळं ज्याच्या त्याच्या रीतीने झालं. शौकत बेने कॅसेट काढली, तिच्यावर बाईंचा फोटो, आणि मागदाचं कडवं कापून टाकलेलं. साप्ताहिकात आलं, की कोरसमधल्या एका मुलीचा सूर सुटला तेव्हा बाईंनी मोठ्या मनाने गाणं सावरलं. 'चार मिनिटं'ला लग्नं मिळेनाशी झाली. कुणाचा राग नव्हता. ज्याला त्याला ते गाणं हवं होतं, पण बाईंचं हवं होतं, आणि ते आता कॅसेटवर मिळत होतं. बाईंनी पहिल्यांदाच आपला नियम मोडला आणि चौघांनाही निरोप धाडला, की या परत. झकी आणि हमदी दुसऱ्या दिवशी गेले. झकी म्हणाला, पोरं आहेत रे मला, आणि आता ड्रमसेटही बायकोला परत हवाय.

लबीब मागदाला भेटायला गेला. ती त्याला आत या म्हणाली नाही, जिन्यातच उभी राहून बोलली. आत भावाच्या रेडिओचा आवाज चालू होता.

"तुम्ही खाली का गेलात उस्ताद?" तिने विचारलं.

लबीब म्हणाला, "मी नाही गेलो. हात गेले."

"हात कुणाचे होते?"

त्याने सांगून पाहिलं, की एवढ्या लोकांसमोर बाई बेसूर ठरल्या असत्या. मागदा म्हणाली, म्हणजे कुणीतरी ठरायचंच होतं, तर मी ठरले. हे ती रागाने बोलली नाही, आणि त्यामुळे लबीबला जास्त लागलं.

मग ती म्हणाली, "कॅसेट गेली, जाऊ दे. गाणं गेलं, ते तुमचंच होतं. मला एकच करून द्या. भाऊ साप्ताहिक दाखवून म्हणतो, तुला गाता येत नाही हे आता छापून आलंय, वर्ष कशाला मोजत बसतेस. मी सुरात होते, एवढं तुम्ही छापून आणा. तुम्ही बोललात तर अख्खं शहर मानेल. तो मला आणखी एक वर्ष देईल. तेवढं पुरे."

"आणतो," लबीब म्हणाला.

"शपथ नका घेऊ," मागदा म्हणाली आणि दार लावून घेतलं.

तीन आठवडे लबीबने घरात काढले. साप्ताहिकाच्या कचेरीपर्यंत तो दोनदा गेला आणि दोनदा पुढच्या कोपऱ्यावर उसाचा रस पिऊन परत आला. चौथ्या आठवड्यात तो जमालेकला बाईंच्या तालमीत जाऊन बसला. स्वतःला त्याने सांगितलं, की बाईंच्या जवळ राहूनच ही गोष्ट नीट करता येईल. ईवॉन एवढंच म्हणाली, "पाठीची आठवण आली वाटतं."

मेच्या तिसऱ्या आठवड्यात सकाळी अकराला त्या साप्ताहिकाचा वार्ताहर बाईंच्या घरी आला. हातिम नाव, तिशीचा, बोलायला मोकळा. 'दार उघडं आहे' आता पाऊण तासाचं झालं होतं, गुरुवारी मोठ्या थिएटरात होणार होतं, त्यावर त्याला लिहायचं होतं. बाई खिडकीशी कॉफी पीत बसल्या होत्या. हातिमने लबीबला विचारलं, उस्ताद, गाणं तुमचं, तुम्ही तिथे होतात, त्या दिवशी बागेत नक्की झालं काय?

देवाने याहून सोपी संधी कुणाला दिली नसेल. लबीबने तोंड उघडलं. बाईंनी कप खाली ठेवला आणि त्यांची मान किंचित वळली. ती शीर लबीबला दिसली.

"मुलगी घाबरली," लबीब म्हणाला. "नवीन होती. होतं असं. बाईंनी सांभाळून घेतलं."

हातिमने लिहून घेतलं, बाईंचा हात कपाळाला लावला आणि तो गेला. वादक आपापली वाद्यं लावू लागले. बाईंनी लबीबला खुणेने जवळ बोलावलं.

"नवीन कसली?" त्या हळू आवाजात म्हणाल्या. "अकरा वर्षं माझ्या मागे होती ना?"

लबीबने मान खाली घातली.

"ती सुरात होती, लबीब. बहिरी नाही झाले मी अजून. मी खाली उचललं. चूक माझी होती."

"बाई, तुम्ही..."

"ऐक. मी तिच्याबरोबर गायला उठले होते. तिला पुसायला नाही. मला वाटलं होतं, पोरीने पट्टी धरून ठेवलीय, दुसऱ्या ओळीला आपणही वर जाऊ. जमलं असतं की नसतं, देवाला माहीत. तू बघूच दिलं नाहीस. धावत खाली आलास." त्यांनी कॉफीचा गाळ कपात फिरवला. "वीस वर्षं तुम्ही लोक मला चुकू देत नाही. माझा आवाज किती उतरला ते मला सांगायचं तरी कुणी?"

इतके दिवस लबीबने मनात एक गोष्ट घट्ट धरून ठेवली होती, की बाईंनी ओरबाडलं आणि आपण गरीब माणूस, काय करणार. ती गोष्टही बाईंनी काढून घेतली. त्या बागेत मागदाला कुणी पाडलं नव्हतं, त्याच्याखेरीज.

"मग त्याला सांगू का?" तो म्हणाला. "अजून खालीच असेल."

"सांग की," बाई म्हणाल्या. "कुणी धरलंय तुला?"

लबीब गॅलरीत धावला. तिसरा मजला. खाली हातिम आपल्या व्हेस्पाला किक मारत होता आणि ती सुरू होत नव्हती. लबीबने जोराने हाक मारली. हातिमने वर पाहिलं. त्याच्याबरोबर दारवानाने वर पाहिलं, इस्त्रीवाल्याने पाहिलं, समोरच्या गॅलरीत भाजी निवडणाऱ्या दोघी बायकांनी पाहिलं. 'उस्ताद लबीब,' त्यातली एक दुसरीला म्हणाली, 'बाईंचा ऑर्गनवाला.' मागे खोलीत बाकीचे वादक गप्प झाले होते. जे सांगायचं होतं ते इथून ओरडून सांगायला हवं होतं, आणि त्याचा पहिला शब्द 'मी' होता.

लबीब कठडा धरून उभा राहिला.

खालून हातिमच म्हणाला, "बरं झालं हाक मारलीत उस्ताद. विचारायचं राहिलं. त्या मुलीचं नाव काय हो?"

भाजी निवडणारीने शेंग मोडायची थांबवली.

"नाव नको घालूस," लबीब म्हणाला. "कोरसमधली एक मुलगी, एवढं लिही."

हातिमने अंगठा वर केला. लबीब आत येऊन ऑर्गनवर बसला तेव्हा त्याला खरोखरच वाटत होतं, की निदान तिची अब्रू तरी आपण राखली. बाई खिडकीशेजारून उठल्या. त्या पाठ करून उभ्या राहिल्या आणि तालीम सुरू झाली.

अंक गुरुवारी आला, आणि मागदाच्या भावाने तो तिला मोठ्याने वाचून दाखवला.